खाडीकडच्या फळ्या

४ नोव्हेंबर

शेड उघडली, अडीच महिन्यांनी. कुलूप खाऱ्या हवेनं धरलेलं. गणू मिस्त्रींनी डिझेल ओतलं, दोन शिव्या दिल्या, मग सुटलं. आत डबा नाही. म्हणजे आहे, पण सुटा. भिंतीला टेकवलेल्या फळ्या, खांब, खिडक्यांच्या झिलमिल्या, बाकांचे पाय. अडीच फुटी रुळावरून धावलेला आजोबांच्या काळातला सागवानी डबा. वरचं प्लायवूड, पत्रे, कुणी कुणी ठोकलेलं सगळं काढून मूळ होता तसा करायचा, हे माझ्या नवऱ्यानं, दि.नं, अंगावर घेतलेलं काम. श्रावणात त्यानं शेवटची फळी उतरवली आणि दुसऱ्या दिवशी सकाळी दात घासताना पडला. उजवा हात, उजवा पाय आणि वाचा.

गणू मिस्त्री म्हणाले, "वैनी, आता?"

म्हटलं, "आता काय. उभा करायचा."

त्यांनी तंबाखू मळली. माझ्या तोंडून हे निघालं कसं कोण जाणे. आयटीआयमध्ये सव्वीस वर्षं ड्रॉइंग शिकवलं म्हणून रंदा धरता येतो असं नाही.

५ नोव्हेंबर

पाटणकरचा फोन. संग्रहालयवाल्यांची आर्किटेक्ट, पुण्याची, आमच्या मनूच्या वयाची. "काकू, समिती फेब्रुवारीत डबा बघणार. शिमग्याआधी. मूळ लाकूड मूळ जागी हवं. काम अडलेलं दिसलं तर दुसऱ्या कारखान्यात हलवायचं म्हणतायत." बोलते गोड, पण बोलते ते खरं.

हलवला तर शेडला पुन्हा कुलूप. आणि दि.नं हातानं उलगडलेला डबा दुसरंच कुणीतरी जोडणार. तो चांगला होऊन शेडवर येईल तेव्हा तिथे काय असेल? भुसा.

फोन ठेवला आणि वाटाणे सोलत बसले. दोन किलो. इतके लागत नव्हते.

८ नोव्हेंबर

खुणा बघितल्या. प्रत्येक तुकड्याच्या पाठीला पटाशीनं कोरलेल्या. ख-१, ख-२… ड-१, ड-२… ख म्हणजे खाडीकडची बाजू, ड म्हणजे डोंगराकडची. आकडे पुलाकडच्या टोकापासून. दि. आणि गणू मिस्त्री दोघंही मूळचे होड्या बांधणारे, त्यांची रीतच ही. होडी पहिल्या फळीपासून पाण्यात जाईपर्यंत जागची हलत नाही, त्यामुळे खाडी आणि डोंगर एवढं पुरतं.

यावरून आमची किती भांडणं. मी म्हणायची, अरे, डावं-उजवं लिही, पुढचं-मागचं लिही, जगाला कळेल असं. तो म्हणायचा, "तुझा कागद वाऱ्यानं उडतो. डोंगर उडालेला बघितलायस कधी?"

आतली मापं मी घेणार होते, ती राहिली. ज्या सोमवारी घ्यायची त्या सोमवारी हॉस्पिटलच्या बाकावर होते. त्यामुळे आता त्याच्या खुणा हाच कागद.

९ नोव्हेंबर

दि. आता एकच शब्द बोलतो. "नको."

चहा? नको. (कप तोंडाला लावला की पितो.) टीव्ही? नको. मनूचा फोन आलाय. नको, नको. मग तिचा आवाज ऐकून डोळ्यांतून पाणी. स्पीच थेरपीवाल्या बाईंनी सांगितलं, त्यांना एवढा एकच शब्द सापडतोय, तोच सगळीकडे वापरतात, अर्थ धरून बसू नका. बरं. नाही धरत.

आयुष्यभर कधी कशाला नको न म्हणालेला माणूस. नको म्हणायला शिकला असता तर हे ब्लडप्रेशरचं झालं नसतं.

१४ नोव्हेंबर

लोखंडी सांगाडा आला. चाकांवरचा, ज्याच्यावर डबा उभा राहतो तो. गंज काढायला आणि रिव्हेट मारायला दि. आयसीयूत असताना मिस्त्रींनी पाठवला होता. काम चांगलं केलंय. खालची सागाची तळपट्टी होती तशी ठेवलीय, बोल्ट तेवढे नवे.

पुलाकडच्या फाटकासमोर पाइपलाइनसाठी रस्ता खणून ठेवलाय. ट्रेलरवाला वैतागला, परत जातो म्हणाला. म्हटलं, परत कुठे जातोस, पलीकडच्या, आंब्याकडच्या फाटकानं घे. मीच पुढे उभी राहून हात दाखवला. अर्ध्या तासात क्रेननं खाली. मिस्त्रींनी नारळ फोडला. मला खोबरं चावताना जाणवलं की चव लागत नाहीये. सर्दी नाही.

२ डिसेंबर

खालची जमीन बसवून झाली. नवं लाकूड फक्त तीन ठिकाणी, बाकी जुनं. पाटणकरला फोटो पाठवले. तिनं तीन नमस्कार आणि एक बदाम पाठवला.

दि.ची फिजिओ रोज अकराला. पाय थोडा उचलतो. मी शेजारी बसून मोजते. वीस झाले की "शाबास" म्हणायचं असं तिनं सांगितलंय. म्हणते.

११ डिसेंबर

खांब उभे. तळपट्टीच्या खाचांत खांबांचे तळ बसतात. बसले, पण हातोडीनं सांगून. गणू मिस्त्री म्हणाले, "पावसात लाकूड फुगला आसंल." यंदा पाऊस दिवाळीपर्यंत होता, खरंय.

मनू म्हणते, आई तू एकदा रड. फोनवर म्हणते. जसं काही रडणं म्हणजे गॅसचा नंबर लावणं. सांगितलं तिला, वेळ मिळाला की रडते. ती चिडली. चिडू दे.

मला दुःख होत नाही हे खरं आहे. मला काहीच होत नाही. सकाळी उठते तेव्हा अंगावर कुणाचीतरी साडी नेसल्यासारखं वाटतं, एवढंच.

२६ डिसेंबर

फळ्या बसत नाहीत.

खाडीच्या बाजूनं सुरुवात केली. ख-१ ठीक. ख-२ दोन खांबांमध्ये दोन सूत, म्हणजे पाव इंच, जास्त. ख-३ तशीच. ख-५ मात्र ढिली. दिवसभर खुणा तपासल्या, आकडे चुकले का बघितलं. आकडे बरोबर. खाडी बरोबर, तिथेच आहे. मिस्त्री म्हणतात, हातानं घडवलेला डबा, कुठला गाळा कुठल्याशी तंतोतंत नसतो, त्यात पावसानं वाकडं केलं.

२७ डिसेंबर

पाटणकरला विचारलं. म्हणाली, शक्यतो तासू नका, थांबा, मी येते. कधी येणार? जानेवारीच्या शेवटी. कर्म! तोवर काय फळ्यांकडे बघत बसायचं?

२९ डिसेंबर

आज दि.ला शेडवर आणलं. फिजिओच म्हणाली, ओळखीच्या जागी न्या. रिक्षातून उतरवताना मिस्त्री आणि मी. त्याला बघून मिस्त्रींनी तोंड फिरवलं. मग उगाच मोठ्यानं बोलले, "या मालक, बघा तुमचा डबा." त्यानं चाकाच्या खुर्चीतून सगळं बघितलं. वर, खाली, खांब, जमीन. नाक वर करून वासही घेतला. मला वाटलं बरं झालं आणलं.

मग मी मिस्त्रींना सांगितलं, तासा. दोन सूत.

ते म्हणाले, "वैनी, जुना साग हाय ह्यो. रंदा एकदा फिरला का परत येत नाय."

"मी सांगते ना. फेब्रुवारी काय थांबणार आहे आपल्यासाठी?"

रंदा सुरू झाला तसं दि.चं "नको" सुरू झालं. नको, नको, नको. डावा हात हवेत. एरवीही म्हणतोच, पण आज जोर. मला वाटलं आवाजाचा त्रास होतोय, दमलाय. पाणी दिलं, नको. टोपी घातली, ती त्यानं फेकली. शेवटी खुर्ची वळवून त्याचं तोंड खाडीकडे केलं. होड्या बघ म्हटलं. हळूहळू गप्प झाला.

संध्याकाळपर्यंत सहा फळ्या तासून झाल्या. बसल्या. अगदी चपखल.

८ जानेवारी

खाडीकडची बाजू पुरी. एकूण अकरा तासल्या, सहा ढिल्या होत्या तिथे पट्ट्या घातल्या. लांबून बघितलं तर डबा डबा दिसायला लागलाय. शाळेची पोरं फाटकातून डोकावतात.

दि.ला पुन्हा नेलं नाही. त्या दिवसानंतर दोन दिवस नीट जेवला नाही.

आंब्यांना मोहर चांगला आहे म्हणतात सगळे. असेल.

१९ जानेवारी

डोंगराकडची बाजू अर्धी. आणखी आठ तासल्या. आता मिस्त्री विचारत नाहीत, मी सांगत नाही. त्यांच्या हाताला सवय झाली, माझ्या जिभेला.

२४ जानेवारी

पाटणकरला अहवालासाठी "आधी" चे फोटो हवेत. दि.च्या मोबाइलमध्ये शोधले. चार्ज करून उघडला तर पहिलंच त्याचं हसरं थोबाड. फोटो मिस्त्रींनी काढलेला. सगळा डबा उतरवून झालाय, नुसता सांगाडा, तळपट्टी, आणि हा एक पाय वर टाकून उभा, शिकार केल्यासारखा. मागे पुलाकडचं फाटक.

त्याच्या पायाशी तळपट्टीत चार भोकं. हातब्रेकचा खांब बसतो ती. डब्याच्या एकाच टोकाला असतात.

मी चष्मा पुसला. परत बघितलं. मग शेडवर गेले, गोणपाट अंथरून डब्याखाली शिरले. जमिनीच्या फळ्यांनी वरून झाकली गेलीत, पण खालून दिसतात. चार भोकं. आंब्याकडच्या टोकाला.

सांगाडा उलटा आहे. नोव्हेंबरपासून उलटा आहे. पुलाकडचं टोक आंब्याकडे, खाडीची बाजू डोंगराकडे. मीच हात दाखवून त्या फाटकानं घ्यायला लावला. दि.च्या सगळ्या खुणा बरोबर होत्या. डोंगर उडाला नाही, खाडी हलली नाही, आम्ही डबा फिरवला. आणि फळ्या बसत नाहीत म्हणून त्या तासल्या. एकोणीस.

डब्याखाली तशीच पडून राहिले थोडा वेळ. मग भूक लागली. घरी येऊन तीन भाकऱ्या खाल्ल्या, काल उरलेला बांगडा खाल्ला. शरम वाटायला हवी होती. वाटली नाही. नुसती भूक.

२५ जानेवारी

त्या दिवशी तो सांगत होता.

आत्ता सकाळी केर काढताना हे डोक्यात आलं, कालपासून आलं नव्हतं. आल्याबरोबर त्यानं ओळखलं असणार. वर्षांच्या अनुभवाची गरजच नव्हती, त्यानं स्वतः एकेक तुकडा उतरवलाय. बघितलं, ओळखलं आणि जो एक शब्द जवळ होता तो जीव तोडून ओरडला. आणि मी खुर्ची वळवली.

केरसुणी ठेवून त्याच्यासमोर बसले. म्हटलं, "दिलीप, सांगाडा उलटा बसलाय. तू सांगत होतास. मला कळलं नाही."

तो बघत राहिला. मग "नको" म्हणाला. हळू. डाव्या हातानं माझ्या गुडघ्यावर थापटलं, दोनदा.

मला हे लिहून ठेवायचं होतं म्हणून लिहिलं. वाईट वाटलं का, तर वाटलं. पण लांबून, शेजारच्या घरात काहीतरी पडल्यासारखं.

२७ जानेवारी

गणू मिस्त्रींना सांगितलं. ते खाली शिरले, बाहेर आले, पालथ्या हातानं तोंड पुसलं. "काखेत कळसा नि गावाला वळसा," म्हणाले.  मग, "माजा बापूस आसता तर हातातली पटाशी काढून घेतली आसती. चाळीस वर्सं मी खाडी बगून फळी लावतोय. डबा फिरल ह्ये डोक्यातच नाय आला."

म्हटलं, फिरवला मी. तुमचा काय दोष.

"रंदा माज्या हातात व्हता."

दोघंही आंब्याखाली बसलो. त्यांचं म्हणणं असं: सगळं उलगडायचं, जिथलं तिथे लावायचं. तासलेल्या कडांना सागाच्याच पट्ट्या चिकटवायच्या. वर तेल, वर रंग. "रंगाखाली कोन बगतोय? झाकली मूठ सव्वा लाखाची."

वाईट बोलले नाहीत. मलाही तेच सुचलं होतं, त्यांच्या आधी.

३० जानेवारी

उलगडायला सुरुवात. जोडायला दोन महिने लागले, सुटायला चार दिवस लागतील.

मनूला सांगितलं. म्हणाली, "ट्रेलरवाल्याची चूक. मिस्त्रींना कळायला नको होतं? तू कशाला अंगावर घेतेस?" आपलेच दात, आपलेच ओठ. फोन ठेवताना म्हणाली, त्या बाईला सांगू नकोस आई, डबा नेतील. बाबांकडे दुसरं काय राहिलंय?

हेच तर. डबा नेला तर त्याच्याकडे काय राहतं. आणि न सांगता ठेवला तर काय राहतं. तो ज्या कामाला मूळ म्हणायचा त्याच्यात मी कायमचं एक खोटं ठोकून ठेवलेलं, आणि त्याला ते माहीत. रोज बघणार. बोलता येत नाही.

आज पहिल्यांदा राग आला. कुणाचा ते कळलं नाही. कुकरची शिट्टी आपटली.

६ फेब्रुवारी

पाटणकर आली. जानेवारीअखेर म्हणजे फेब्रुवारी, पुण्याचं कॅलेंडर. दि.ला मुद्दाम शेडवर आणलं होतं. जे काय होईल ते त्याच्यासमोर.

फळ्या सगळ्या खाली, सांगाडा उघडा. ती बघून गोंधळली. "काकू, हे सगळं तर लागलं होतं ना? फोटोत…"

मिस्त्री माझ्याकडे बघत होते. त्यांनी तोंडात तंबाखूही टाकली नव्हती. मी तोंड उघडलं आणि दि. म्हणाला, "नको."

मी थांबले. तो पुन्हा म्हणाला, "नको." माझ्याकडेच बघत.

सांगू नको म्हणत होता? की नुसतंच? अर्थ धरू नका असं बाई म्हणाल्या होत्या. एकदा धरला नव्हता तर एकोणीस फळ्या गेल्या. आता धरायचा का?  पाटणकर वाट बघत होती.

मी सांगितलं. फाटक, ट्रेलर, खुणा, दोन सूत, एकोणीस. खुर्ची वळवली तेही सांगितलं, ते काही तिला सांगायची गरज नव्हती.

ती खाली बसून फळ्यांच्या कडांवरून बोट फिरवत राहिली. ओरडली असती तर बरं झालं असतं. म्हणाली, "थांबा म्हटलं होतं मी."

"म्हणाली होतीस."

"मला हे लिहावं लागेल अहवालात."

"लिही."

तिच्या मते दोन गोष्टी होऊ शकतात. समिती म्हणेल, कडेला पट्ट्या लावा पण रंगानं लपवू नका, झालं ते दिसू दे, इथेच पुरं करा. किंवा म्हणेल, यांच्या हातून काढून घ्या. ती पहिल्याची शिफारस करेल. "पण काकू, मी एकटी आहे, ते सात जण आहेत." जाताना तिनं दि.ला वाकून नमस्कार केला. तो "नको" म्हणाला. ती रडायला लागली, बॅगेत रुमाल शोधत रिक्षात बसली. सगळ्यांना येतं. मला नाही येत.

गणू मिस्त्री म्हणाले, "सांगितलात ता बरा झाला." मग तंबाखू मळली.

९ फेब्रुवारी

क्रेन आणून सांगाडा फिरवला. खाडी खाडीकडे. पाइपलाइनचा खड्डा अजून आहे तसाच.

१३ फेब्रुवारी

खांब. या वेळी हातोडी लागली नाही. मिस्त्री प्रत्येक खांब बसला की "बगा" म्हणतात. बघते.

समितीचं पत्र नाही.

१७ फेब्रुवारी

आज काय झालं ते नीट लिहिते.

फळ्या लावायला घेतल्या. दहा-बारा फळ्यांच्या पाठीवरची खूण मी पट्ट्यांसाठी फळ्या साफ करताना घासून टाकलीय, ती आणखी एक अक्कल. कुठली कुठे, अंदाज चालेना. दि. खुर्चीत. मी सहज एक फळी एका गाळ्यासमोर धरली.

"नको."

पुढच्या गाळ्यासमोर. "नको."

पुढच्या. तो काही बोलला नाही.

मी वळून बघितलं. झोपला नव्हता. डोळे फळीवर. मिस्त्रींनी फळी दाबली, ती आत गेली. दोन्ही बाजूंना सारखीच फट, तासलेली तेवढीच. तिचीच जागा.

दुसरी फळी. नको, नको, नको, नको, आणि मग गप्प. बसली.

मिस्त्री म्हणाले, "वैनी, ह्यांना समाजतंय सगळा."

अकरा फळ्या केल्या. नऊ बरोबर, दोन चुकल्या. या निकालावर मी कुठल्याही पोराला पास केलं असतं. पण नशीबही असू शकतं, हे मी मास्तरीण म्हणून लिहून ठेवते. थेरपीवाल्या बाईंना फोन केला, त्या म्हणाल्या, असू शकतं, नसूही शकतं, फार आशा धरू नका. त्यांना प्रत्येक गोष्ट धरू नका म्हणायची सवय आहे.

काहीतरी जाणवलं. ऑगस्टनंतर पहिल्यांदा. आनंद नव्हता, भीती होती. पण होतं काहीतरी.

१८ फेब्रुवारी

भीती कशाची ते आज कळलं. होय म्हणजे तो गप्प बसतो असं असेल, तर त्याचं नको हे नकोच आहे. मग सहा महिने मी त्याला नको असलेला चहा पाजतेय. रोज शेजारी बसून "शाबास" म्हणते तेही नको. एकदा मी विचारलं होतं, माझा राग येतो का? नको म्हणाला होता. ते तेवढं सोयीचं आहे म्हणून ठेवून घेते.

आणि पाटणकरसमोर दोनदा नको म्हणाला होता.

सकाळी चहाला विचारलं. "नको." कप परत नेला. तो माझ्याकडे बघतच राहिला. मग अर्ध्या तासानं कॉफी केली आणि विचारलं. गप्प. कॉफी! हा माणूस आयुष्यात कॉफी प्यायला नव्हता. सगळी प्याला.

२० फेब्रुवारी

पाटणकरचा मेसेज. समितीत मतं फुटली आहेत. एक जण म्हणाला, कबूल केलं म्हणून चूक लहान होत नाही. बरोबर बोलला, कोण असेल तो. निर्णय सोमवारी.

मिस्त्री पुढच्या आठवड्यात नाहीत. शिमगा आलाय, त्यांच्या गावची पालखी निघाली की दिल्लीचं बोलावणं आलं तरी ते हातात पटाशी धरणार नाहीत.

२२ फेब्रुवारी

रविवार, तरी काम केलं. दि. सकाळी आठपासून खुर्चीत. खाडीकडची बाजू आज संपेल. कडांच्या पट्ट्या उजळ दिसतात, या बाजूला अकरा, एकूण एकोणीस. रंगाखाली घालणार नाही.

दुपारी जेवण झाल्यावर शेवटची फळी उरली. मिस्त्रींनी ती दोन्ही हातांनी उचलून गाळ्यासमोर धरली. तो नको म्हणाला नाही. मिस्त्री ठोकायला निघाले, मी म्हटलं, थांबा.

खुर्चीसमोर जाऊन उकिडवी बसले. म्हटलं, "दिलीप, उद्या ते डबा नेतो म्हणाले तर मी भांडणार आहे. पुण्याला जाऊन, सात जणांसमोर, आरडाओरडा करून. तुला कधी आवडलं नाही माझं भांडणं. भांडू?"

तो काही बोलला नाही.

मी वाट बघितली. त्याचा डावा हात मांडीवर होता, तो हलला नाही. डोळे उघडे. माझ्याकडे होते की माझ्या मागच्या फळीकडे, ते सांगता येत नाही. पुलावरून एसटी गेली. मी काही बोलले नाही, कारण बोलले असते तर त्यानं मध्येच नको म्हटलं असतं आणि मला ते ऐकायचं नव्हतं.  गाल ओला लागला तेव्हा पदरानं पुसला.

"वैनी, हात भरून आले वो," मिस्त्री मागून म्हणाले.

म्हटलं, "धरा अजून जरा."